लूव्हेन दर वेळी वेगळे गट देतो आणि निम्मा ग्राफ एकाच गटात जातो: कुठे बघायचं?

लूव्हेन हा अल्गोरिदम ग्राफमधले, म्हणजे जाळ्यातले, आपसात दाट जोडलेले नोड (बिंदू) शोधून त्यांचे गट करतो. कोड तोच, क्वेरी (डेटा मागवणारा प्रश्न) तीच. सोमवारी चौदा गट आले, मंगळवारी सतरा. आणि दोन्ही दिवशी एक गट असा, की निम्म्याहून जास्त नोड त्यातच कोंबलेले.

लिंक्ड डेटावर (वेबवर एकमेकांशी जोडून ठेवलेल्या माहितीवर) कम्युनिटी, म्हणजे असे गट, शोधणाऱ्यांना हे दोन त्रास बहुधा एकत्रच होतात. त्यामुळे त्यांची कारणंही एकच असावीत असं वाटतं. तसं नसतं. मी मराठी लेखक, संपादक, प्रकाशक, अनुवादक आणि नियतकालिकं यांच्यातल्या दुव्यांवर काम करते. थोडा डेटा विकिडेटावरून येतो, थोडा एका ग्रंथालयाच्या सूचीतून. हा त्रास मला दर काही महिन्यांनी नव्याने होतो, कारण डेटा वाढला की जुनी चूक नव्या वाटेने आत येते. म्हणून मी कोणत्या क्रमाने तपासते ते इथे मांडलंय. तुमचा विषय वेगळा असला तरी क्रम तोच चालेल. अल्गोरिदमला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

आधी एक चाचणी

दुव्यांची यादी एकदा फाइलमध्ये लिहून ठेवा. प्रत्येक ओळीत दोन नोडचे आयडी आणि वजन, सगळ्या ओळी आयडीनुसार क्रमाने लावलेल्या. मग त्या फाइलवरून, सीड (यादृच्छिक निवडी ज्या आकड्यापासून सुरू होतात तो) ठरवून, प्रोग्राम दोनदा चालवा. मध्ये पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, हे महत्त्वाचं आहे. उत्तर तंतोतंत तेच आलं तर फरक फाइल तयार होण्याआधी पडतोय. वेगळं आलं तर बहुधा तुम्ही दिलेला सीड लागूच होत नाहीये.

सीड न लागण्याचं कारण बहुतेक वेळा लायब्ररीत सापडतं. नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीतल्या लूव्हेनला सीड थेट देता येतो. लूव्हेनची सुधारित आवृत्ती म्हणजे लायडन, त्याच्या लायडनएएलजी लायब्ररीलाही देता येतो. पायथनमधल्या आयग्राफच्या लायडन फंक्शनला मात्र सीड नावाचा पर्यायच नाही. आयग्राफ पायथनचं स्वतःचं रँडम मॉड्यूल वापरतो, त्यामुळे सीड तिथे लावावा लागतो. एका लायब्ररीतला कोड उचलून दुसरीत टाकला की हे हमखास राहून जातं.

फाइलच्या आधी फरक पडत असेल तर तीन जागा बघा. पहिली स्पार्कल क्वेरी (लिंक्ड डेटाला प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे स्पार्कल). क्रम लावायला सांगितलं नसेल तर ओळी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात, सर्व्हरकडून काहीच हमी नसते. दुसरी जागा पायथनचा सेट, म्हणजे ठरलेला क्रम नसलेला संग्रह. आवृत्ती ३.३ पासून स्ट्रिंगचं (मजकुराचं) हॅशिंग, म्हणजे तिला आकडा देऊन तिची जागा ठरवणं, प्रत्येक वेळी नव्या यादृच्छिक किल्लीने होतं. त्यामुळे यूआरआय (लिंक्ड डेटातले वेबपत्त्यासारखे आयडी) सेटमध्ये टाकून त्यावर लूप फिरवलं, की नोड ग्राफमध्ये शिरण्याचा क्रम दर वेळी बदलतो. लूव्हेन नोड ज्या क्रमाने उचलतो त्यावर त्याचं उत्तर ठरतं. म्हणजे सीड पक्का असूनही गट बदलतात, आणि माणूस सीडकडेच बघत बसतो. सेटवर लूप फिरवण्याआधी सॉर्ट करा, एवढंच पुरतं.

तिसरी जागा ब्लँक नोड, म्हणजे स्वतःचा कायमचा आयडी नसलेले नोड. फाइल पुन्हा लोड केली की त्यांना नवी नावं मिळू शकतात, मग सॉर्ट करूनही क्रम टिकत नाही. मी ते ग्राफमधून काढूनच टाकते. लेखक-प्रकाशकांच्या जाळ्यात त्यांचा काही उपयोग नाही.

आणि मूळ डेटाही बदलत असतो. विकिडेटावर सतत संपादनं होत असतात. थेट सर्व्हरला विचारून काम केलं, तर मंगळवारचा ग्राफ सोमवारचा नसतोच. रोज ताजं आणण्याऐवजी तारीख घातलेली फाइल साठवा आणि तिचं चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) निकालाशेजारी लिहा. दोन निकालांची चेकसम जुळत नसतील तर गटांची तुलना करूच नका.

आता निम्मा ग्राफ गिळणारा गट

इथे जास्त वेळ द्या. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा चूक इथेच असते.

लिंक्ड डेटामध्ये सगळंच ट्रिपल असतं: कर्ता, गुणधर्म, कर्म. ट्रिपल सरसकट ग्राफमध्ये ओतले की प्रत्येक कर्म नोड होतं. विकिडेटावर प्रत्येक व्यक्तीला 'मानव' हा प्रकार लावलेला असतो, त्याचा आयडी क्यू५. तो नोड राहिला तर सगळी माणसं एका खुंट्याला बांधली जातात. 'मराठी भाषा', 'भारत', 'लेखक' हे नोडही तेच करतात. 'लेखक' या नोडला दोघं जोडलेले असणं म्हणजे दोघांची एकमेकांशी ओळख असणं नव्हे.

तारखांचा सापळा याहून फसवा असतो. फक्त जन्मवर्ष माहीत असलेल्या व्यक्तीची तारीख क्वेरीच्या उत्तरात त्या वर्षाची १ जानेवारी म्हणून येते. ती स्ट्रिंग नोड झाली, की एकाच वर्षी जन्मलेली सगळी माणसं एकमेकांच्या शेजारी जाऊन बसतात. म्हणून अक्षरमूल्यं, म्हणजे तारखा, आकडे, लेबलं, कधीच नोड करायची नाहीत.

तपासायला सोपं आहे. सर्वाधिक दुवे असलेले पहिले वीस नोड छापा आणि एकेक वाचा. त्यांत प्रकार, देश, भाषा, व्यवसाय दिसले की ग्राफ चुकीचा बांधला गेलाय.

पण इथे एक कळकळीची सूचना. ठरावीक संख्येपेक्षा जास्त दुवे असलेला प्रत्येक नोड डोळे मिटून काढू नका. माझ्या यादीत 'मराठी भाषा' आणि मौज प्रकाशनाचे व 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत दोन्ही वर येतात. पहिला नोड काढायलाच हवा. दुसरा काढला तर मौज आणि 'सत्यकथा' यांच्याभोवतीचं जाळं तुटेल, आणि तेच जाळं शोधायला तर आपण निघालोय. भागवतांच्या दुव्यांमागे खरोखरचं संपादन आहे, हस्तलिखितांवर केलेलं काम आहे. भाषेच्या दुव्यामागे फक्त वर्गीकरण आहे. हा फरक दुव्यांच्या संख्येवरून कळत नाही, गुणधर्मावरून कळतो. म्हणून गाळणी गुणधर्मांना लावा: संपादक, प्रकाशक, अनुवादक, गुरू, जोडीदार हे ठेवा, प्रकार, नागरिकत्व, व्यवसाय, भाषा हे वगळा. जन्मस्थळ मी वगळते. पुण्यात जन्मलेल्या सगळ्यांना पुण्याने जोडणं मला पटत नाही. तुमचा प्रश्न भूगोलाचा असेल तर ठेवा.

यानंतर वजनांचा प्रश्न येतो. माणसं थेट माणसांना जोडण्यासाठी आपण 'एकाच प्रकाशकाचे लेखक' अशा जोड्या काढतो. एखाद्या प्रकाशकाचे १,००० लेखक असतील तर जोड्या होतात ४,९९,५००. दोन कवींनी मिळून चालवलेल्या अनियतकालिकाची जोडी होते एक. या दोन्हींना सारखंच वजन दिलं तर मोठा प्रकाशक सगळा ग्राफ ओढून नेणारच. न्यूमन यांनी शास्त्रज्ञांच्या सहलेखनाच्या जाळ्यांसाठी २००१ मध्ये वापरलेला उपाय इथे चपखल बसतो: ज्या गोष्टीमुळे जोडी झाली तिच्यात एकूण न माणसं असतील, तर त्या जोडीला १ भागिले (न वजा १) इतकं वजन द्यायचं. हजार लेखकांच्या प्रकाशकाकडून प्रत्येक जोडीला १/९९९ मिळतं, दोघांच्या अनियतकालिकाकडून पूर्ण १. माझा फुगलेला गट सगळ्यात जास्त फुटला तो या एका बदलाने.

वजनं बिघडवणाऱ्या दोन छोट्या गोष्टी. नेटवर्कएक्सच्या साध्या ग्राफमध्ये तीच जोडी दुसऱ्यांदा घातली तर वजन वाढत नाही, नवं जुन्यावर लिहिलं जातं. बेरीज आपणच करायची असते. आणि क्वेरीत लेबलं किंवा टोपणनावं ऐच्छिक म्हणून मागितली असतील तर ओळींचा गुणाकार होतो. तीन टोपणनावं आणि दोन भाषांतली लेबलं असलेला लेखक सहा ओळींत येतो, आणि ओळी मोजून वजन काढलं तर त्याचा प्रत्येक दुवा सहापट जड होतो. आधी फक्त आयडी आणा, नावं शेवटी जोडा.

एकच माणूस, तीन नोड

मराठीत हा प्रश्न फार जवळचा आहे. राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोद 'बाळकराम' या नावाने. सूचीत ही तीन नावं स्वतंत्र असली, की गडकरी नाटककारांच्या गटात जातात, गोविंदाग्रज कवींच्या आणि बाळकराम विनोदी लेखकांच्या. निकाल दिसायला इतका सुबक असतो की कुणाला शंकाही येत नाही. खरं तर त्या काळचे हे तीन गट एका माणसामुळे जोडलेले होते आणि नेमका तोच दुवा आपण हरवलेला असतो. विष्णू वामन शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, चिंतामण त्र्यंबक खानोलकर आणि आरती प्रभू यांचंही तेच.

म्हणून आपण ओळख जोडणारे दुवे वापरतो, म्हणजे 'ही दोन्ही नावं एकाचीच' असं सांगणारा, ओडब्ल्यूएल या संकल्पना मांडण्याच्या भाषेतला सेमअ‍ॅज. त्यातून उलटा त्रास सुरू होतो. सेमअ‍ॅज पुढे पुढे सरकतो: अ म्हणजे ब, ब म्हणजे क, मग अ म्हणजे क. साखळीत एक दुवा चुकला तरी दोन अख्खे पुंजके एक होतात. 'अनिल' हे आत्माराम रावजी देशपांडे यांचं टोपणनाव. नुसती नावं जुळवली तर कुठलाही अनिल येऊन त्यांना चिकटतो. सातारचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) एक झाले, तर अठराव्या शतकातला पेशवाईचा गट आणि सत्यशोधक चळवळीचा गट एका झटक्यात एकत्र येतात.

हे जगभर होतं. २०१८ मध्ये संशोधकांनी वेबवरचे सुमारे ५५.९ कोटी सेमअ‍ॅज दुवे गोळा करून त्यांच्या साखळ्या पूर्ण केल्या. सगळ्यात मोठ्या संचात १,७७,७९४ नावं निघाली. त्यात अल्बर्ट आइन्स्टाइन होते, वेगवेगळे देश होते, कोका-कोला होतं आणि रिकामी स्ट्रिंगही होती. तर्काने बघितलं तर हे सगळं 'एकच'.

त्याच वर्षी जो राद आणि सहकाऱ्यांनी यावर जो उपाय मांडला तो मला फार आवडतो, कारण त्यात कम्युनिटी शोधणं हेच औषध होतं. फक्त सेमअ‍ॅजच्या दुव्यांचा वेगळा ग्राफ घ्यायचा, त्यावर लूव्हेन चालवायचा, आणि दोन दाट गटांना जोडणारा एकटादुकटा दुवा संशयित धरायचा. खरी ओळख असेल तर नावं एकमेकांना अनेक वाटांनी जोडलेली असतात. चुकीचा दुवा बहुधा एकटाच लोंबकळत असतो. मी आता हे नेहमी करते. सेमअ‍ॅज मुख्य ग्राफमध्ये अजिबात ठेवत नाही. त्याचा वेगळा ग्राफ आधी साफ करते, संशयित दुवे स्वतः वाचते आणि मग प्रत्येक ओळखीला एक आयडी देऊन मुख्य ग्राफ बांधते. मराठी नावांपुरतं हे वाचन एका दुपारचं काम आहे, आणि ते टाळू नये.

देवनागरीचा एक खास सापळा इथेच सांगते. कऱ्हाड आणि कर्‍हाड ही दोन्ही नावं पडद्यावर सारखीच दिसतात. पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक आहे. संगणकाला या दोन वेगळ्या स्ट्रिंग दिसतात, म्हणून दोन नोड होतात. युनिकोडचं एनएफसी रूप केलं तर र अधिक नुक्ता आणि ऱ एक होतात, पण जोडकवालं रूप तसंच राहतं. ते स्वतंत्रपणे बदलून घ्यावं लागतं. कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे अशी आडनावं असलेल्या सूचीत हे एकदा तपासाच.

आता अल्गोरिदम

इतकं झाल्यावरही गट थोडेफार बदलतील, आणि तसं होणं साहजिक आहे. लूव्हेन २००८ मध्ये ब्लॉन्डेल आणि सहकाऱ्यांनी मांडला. ११.८ कोटी नोड आणि १०० कोटींहून जास्त दुव्यांचा वेबग्राफ त्यांनी त्याने सोडवला होता. हा वेग येतो तो हावरेपणातून: नोड एकेक उचलायचा, शेजारच्या ज्या गटात टाकल्याने मॉड्युलॅरिटी (गटांच्या आतले दुवे योगायोगाने अपेक्षित असतील त्याहून किती जास्त आहेत याचं माप) सर्वाधिक वाढते तिथे टाकायचा, पुढे जायचं. मॉड्युलॅरिटीचं सर्वोत्तम उत्तर शोधणं एनपी-हार्ड आहे, म्हणजे मोठ्या ग्राफवर ते खात्रीने शोधण्याची व्यवहार्य रीत माहीत नाही. शिवाय गुड, द मॉन्ट्जोय आणि क्लॉसेट यांनी २०१० मध्ये दाखवलं की जवळजवळ तितकाच गुण मिळवणाऱ्या, पण एकमेकांहून वेगळ्या वाटण्या प्रचंड संख्येने असतात. सोमवारचे चौदा आणि मंगळवारचे सतरा हे दोन्ही त्याच पठारावरचे असू शकतात. सीड पक्का केल्याने त्यातलं एक उत्तर गोठतं, ते बरोबर ठरत नाही.

तेव्हा शंभर सीडनी चालवा. जोडलेल्या प्रत्येक दोन नोडसाठी मोजा: शंभरपैकी किती वेळा दोघं एका गटात आले? ही संख्या नवं वजन म्हणून वापरून पुन्हा गट काढा. लॅन्सिकिनेत्ती आणि फोर्तुनातो यांची २०१२ ची सहमतीची पद्धत साधारण हीच. दोन वाटण्या किती जुळतात ते मोजायला अ‍ॅडजस्टेड रँड इंडेक्स (दोन वाटण्यांतलं साम्य योगायोग वजा करून मोजणारा आकडा) घ्या. गटांचे क्रमांक जुळवत बसू नका, आजचा गट ३ उद्या गट ११ असू शकतो.

लूव्हेन सोडून लायडन घ्या, हे मी बिनदिक्कत सांगते. लूव्हेनमध्ये दोन भागांना जोडणारा नोड नंतर दुसऱ्या गटात निघून गेला तर मागे राहिलेला गट आतून तुटतो, आणि लूव्हेनला ते कळत नाही. ट्राग, वॉल्टमन आणि व्हान एक यांनी २०१९ मध्ये लायडन मांडताना दाखवलं, की त्यांच्या प्रयोगांत लूव्हेनच्या गटांपैकी २५ टक्क्यांपर्यंत गट आतून नीट जोडलेले नव्हते आणि १६ टक्क्यांपर्यंत चक्क तुटलेले होते. तुमच्याकडे तपासायचं तर प्रत्येक गटाचा उपग्राफ काढून त्यात किती सुटे तुकडे आहेत ते मोजा. एकापेक्षा जास्त आले की गट तुटलेला आहे असं समजा.

लायडन घेतल्यावर 'प्रत्येक नोड एकटाच आला' अशी तक्रार हमखास होते. आयग्राफमध्ये या फंक्शनचं उद्दिष्ट आपोआप सीपीएम (गटांचा दाटपणा बघणारं दुसरं माप) असतं, मॉड्युलॅरिटी नव्हे, आणि रेझोल्यूशन, म्हणजे गट किती बारीक हवेत ते ठरवणारा आकडा, १. सीपीएममध्ये रेझोल्यूशन म्हणजे घनतेचा उंबरठा. १ म्हणजे गटातला प्रत्येक जण प्रत्येकाला जोडलेला हवा. असा गट जवळजवळ कुठेच नसतो. उद्दिष्ट मॉड्युलॅरिटी करा, नाहीतर रेझोल्यूशन तुमच्या ग्राफच्या घनतेच्या आसपास आणा.

लहान गट नाहीसे होणं

राहिलेला मुद्दा माझ्या कामात सगळ्यात महत्त्वाचा आहे. मॉड्युलॅरिटीला लहान गट दिसत नाहीत. फोर्तुनातो आणि बार्तेलेमी यांचं २००७ चं उदाहरण कागदावर करून बघा. पाच-पाच नोडचे ३० पूर्ण जोडलेले गट, प्रत्येक गट एकाच दुव्याने पुढच्या गटाला जोडलेला, सगळे मिळून कडं. डोळ्यांना तीस गट स्पष्ट दिसतात. मॉड्युलॅरिटी तीस गटांना ०.८७६ देते आणि दोन-दोन गट एकत्र केलेल्या पंधरा जोड्यांना ०.८८८. म्हणजे चुकीच्या उत्तराला जास्त गुण. ही मर्यादा एकूण दुव्यांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. डेटा चौपट झाला की दिसू शकणारा सगळ्यात लहान गट साधारण दुप्पट होतो. काल नीट दिसणारा गट नवा डेटा आल्यावर गायब होण्याचं कारण हेच.

साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं माझ्या ग्राफमध्ये अशीच नाहीशी व्हायची. मोजके कवी, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अंक, आपापसात घट्ट दुवे. बाकीच्या साहित्यविश्वाशी जोडणारे धागे थोडे, पण मौजचा गट शेजारी अवाढव्य. रेझोल्यूशन १ वर ही सगळी मंडळी 'सत्यकथे'च्या गटात जाऊन बसायची. ज्यांनी १९६९ मध्ये 'सत्यकथे'ची होळी केली त्यांना 'सत्यकथे'च्याच गटात दाखवणारा नकाशा मी कुणाला दाखवू शकत नाही.

यासाठी रेझोल्यूशन ०.५ पासून ३ पर्यंत लहान पावलांनी वाढवत जा. प्रत्येक पायरीवर वीस-तीस वेळा चालवून त्या वाटण्या आपापसात किती जुळतात ते बघा. जिथे जुळणी चांगली आहे आणि पायऱ्या बदलूनही गट टिकून राहतात, ती जागा घ्या. अशा दोन जागा सापडल्या तर दोन्ही ठेवा: एकीवर मोठी घराणी दिसतात, दुसरीवर त्यांच्या आतल्या मंडळ्या.

गट खरे आहेत का, हे बघायला दुव्यांची टोकं विस्कटून प्रत्येक नोडची दुवेसंख्या तीच राखलेला यादृच्छिक ग्राफ बनवा आणि त्याची मॉड्युलॅरिटी काढा. निव्वळ यादृच्छिक ग्राफलाही बरीच मॉड्युलॅरिटी मिळू शकते, हे २००४ पासून माहीत आहे. तुमचा आकडा त्याच्या आसपास असेल तर गटांना नावं देऊ नका.

हे सगळं केल्यावर माझ्याकडे तीन नोडचे एक झालेले गडकरी शंभर वेळांत कधी कवींमध्ये येतात, कधी नाटककारांमध्ये. इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही, ते दोन्हीकडचे होतेच. निकालाच्या फाइलमध्ये म्हणून मी 'गट' या एका रकान्याऐवजी दोन जोड्या ठेवते: पहिला गट आणि त्यात तो नोड किती वेळा आला, दुसरा गट आणि त्यात किती वेळा. दोन्ही संख्या जवळपास सारख्या असलेली नावं वेगळी काढून मी आधी वाचते. त्यांतली काही चुकीच्या सेमअ‍ॅजमुळे तिथे आलेली असतात. उरलेली खरोखरच दोन मंडळ्यांना जोडणारी माणसं असतात.